घ्या ना, थोडंसंच

लोधीपुऱ्यात मी भाड्याची खोली बघायला गेले आणि जेवून परत आले. खोली बघायची राहूनच गेली. ती दुसऱ्या दिवशी पाहिली, तीही आधी चहा, मग शेव, मग पुन्हा चहा असं सगळं पार पडल्यावर. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत उन्हाळ्यात भाजून निघायला होणार हे मला जिन्यातच कळलं होतं. पण तोवर मी त्या घरचं इतकं खाल्लं होतं की नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

घरमालकीणबाईंना सगळी गल्ली काकू म्हणायची, मग मीही म्हणू लागले. मी नगरहून बुऱ्हाणपूरला एका खासगी शाळेत गणित शिकवायला आले होते. आमच्याकडे माणूस एकदा नको म्हणाला की पातेलं पुढच्या ताटाकडे जातं. त्या सवयीने मी पहिल्या दिवशी हात आडवा धरून नको म्हणाले. काकूंनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मला वाटलं, माझ्या तोंडून चुकून काहीतरी फार चांगलं गेलं असावं.

"घे ना बेटा, थोडंसंच."

"खरंच नको, काकू."

"खरंच नको म्हणून राहिली ना? मग तर घेच. वरवरचं म्हणाली असती तर मी सोडलं असतं."

मी जेवले, आणि पुढची काही वर्षं जेवतच राहिले.

आता मी दुसऱ्या गावी असते. दुपारी वह्या तपासता तपासता डोळा लागतो तेव्हा कधी कधी स्वप्नात ती खोली येते. खिडकीच्या गजांची सावली फरशीवर हळूहळू सरकते, खालून भांड्यांचा आवाज येतो, आणि मग जिन्यातून हाक चढत येते, "बेटा, झोपली का?" झोपले असं सांगायची सोय नव्हती. झोपलेल्या माणसालाही उठल्यावर काहीतरी लागेलच, हे काकूंनी आधीच धरलेलं असायचं. मी स्वप्नातसुद्धा 'नको' म्हणते आणि स्वप्नातसुद्धा वाटी हातात येते.

काकू बुटक्या, सडपातळ. पदर कायम खोचलेला. त्यांनी कुणाला 'चहा घेणार का' असं विचारल्याचं मी पहिली काही वर्षं तरी ऐकलं नव्हतं. विचारणं हा त्यांच्या लेखी पाहुण्याचा अपमान होता. माणूस दारात दिसला की आधी गॅसवर भांडं चढायचं आणि मग त्या बाहेर येऊन म्हणायच्या, "या, बसा, झालाच." मी एकदा म्हटलं, "काकू, विचारून तरी बघा, कुणाला खरंच नको असेल." त्या म्हणाल्या, "विचारलं तर बिचारा नाहीच म्हणेल. त्याला कशाला अडचणीत टाकायचं?" विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस आमच्या घराचा आकडा बहुधा रस्त्यातूनच अंदाजाने लिहीत असावा, कारण आत आला की त्याचा तासभर जायचा आणि पुढे साऱ्या गल्लीचं वाचन लांबायचं.

लोक हसायचे, मीही हसायचे. पण काकूंचा कान फार तयार होता. माणूस नको म्हणाला की त्या शब्द सोडून देत आणि आवाज ऐकत. लाजून म्हटलेलं नको फार घाईने येतं, असं त्या सांगायच्या. पोट भरलेला माणूस नको म्हणताना मागे रेलतो. आणि घरात भांडून आलेला माणूस नको म्हणताना दाराकडे बघतो, त्याला आधी पाणी द्यायचं, मग बाकीचं. हे सगळं त्या पोळ्या लाटता लाटता सांगत, आणि सांगता सांगता माझ्या ताटात एक पोळी येऊन पडलेली असे.

समोरच्या घरातल्या वहिनींची आई गेली तेव्हाची गोष्ट वहिनींनीच मला सांगितली. माहेरून परत आल्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरेना. घरचे समजावून थकले. काकू खिचडीचं ताट घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. आई गेल्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. "थोडंसंच," एवढंच अधूनमधून म्हणायच्या. खिचडी गार झाली की उठून घरी जायच्या, गरम घेऊन यायच्या, पुन्हा तिथेच बसायच्या. "मला भूक लागली नव्हती," वहिनी म्हणाल्या, "पण त्यांचा ताट धरलेला हात दुखून राहिला असेल असं वाटलं, म्हणून घास घेतला. आणि मग रडूच आलं." ते ऐकल्यापासून मी काकूंच्या वाटीला हसणं कमी केलं.

काकांचं इतवाऱ्यात कापडाचं दुकान होतं. काकू ज्या मापाने आग्रही, त्याच मापाने काका नकाराचे. दुकानदार असून गिऱ्हाइकाला 'घ्या' म्हणायचे नाहीत. "हे नको नेऊ, रंग जाईल," असं स्वतःच सांगून ठाण गुंडाळून ठेवायचे. काकू म्हणायच्या, त्या गादीवर मी बसले असते तर दुकान आठवड्यात रिकामं झालं असतं. काका म्हणायचे, आणि पुढच्या आठवड्यात सगळं परत आलं असतं.

रोज संध्याकाळी काका दुकानातून आले की दोघांचा सामना सुरू व्हायचा. मी वर वह्या तपासत असायचे आणि खालून ऐकू यायचं.

"एक घ्या."

"नको."

"अर्धी तरी."

"नको म्हणतो ना."

"बरं, पाव."

"पाव पोळी असते का कुठे?"

"ही बघा ना, आहे."

मग नुसता ताट सरकल्याचा आवाज. काका ती पाव पोळी खात असायचे. हे सगळं ठरलेलं होतं, आणि ठरलेलं असूनही दोघं रोज मनापासून भांडायचे. ते ऐकता ऐकता मला माझ्या घराची आठवण कमी यायला लागली. दोघांपैकी एकाने जरी हार मानली असती तरी दुसरा घाबरला असता, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे तसंच झालं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी दुकानाचं शटर उचलताना काका खाली कोसळले. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय थोडा ओढत का होईना, चालत होते. हातही पुढे हळूहळू हलायला लागला. बोलणं मात्र आलं नाही. माणसं ओळखायचे, आमच्याकडे बघायचे, डोळ्यांनी हसायचेसुद्धा. पण तोंडातून शब्द निघायचा नाही. काहीही म्हटलं की मान डोलवायचे.

पहिले काही दिवस काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस जगला होता, समोर बसून जेवत होता. गल्लीही लोटली होती, कुणी शिरा आणतंय, कुणी डाळिंबाचे दाणे, आणि काकांचं तोंड रिकामं राहू नये याची प्रत्येकाला काळजी. एका संध्याकाळी मी खालीच जेवायला बसले होते. काकूंनी काकांच्या ताटात पोळी वाढली, त्यांनी खाल्ली. आणखी वाढली, खाल्ली. काकू सवयीने वाढत गेल्या आणि काका निमूटपणे खात गेले. मग काकूंचा हात ताटावर तसाच थांबला. हातातल्या पोळीकडे त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"हे नको का नाही म्हणत?" त्यांनी मला विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

बोलणं शिकवणाऱ्या एक तरुण बाई आठवड्यातून एकदा स्कूटीवरून यायच्या. काकू त्यांना स्पीचवाली मॅडम म्हणायच्या. पहिल्याच दिवशी मॅडमनी काकांना प्रश्न विचारले. तुमचं कापडाचं दुकान होतं ना? काकांनी मान डोलवली. हा पंखा आहे? मान डोलवली. मग मॅडमनी त्याच आवाजात विचारलं, "काका, तुम्ही बाई आहात?" काकांनी अगदी समजूतदारपणे मान डोलवली.

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू फुटलं होतं, मलाही फुटलं. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले. नळ सोडून त्या नुसत्या उभ्या होत्या.

"लग्न झाल्यापासून या माणसाने मला एकदा सरळ हो म्हटलं नाही बेटा," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यालाच हो म्हणून राहिले. हे हो घेऊन मी काय करू?"

बाहेर मॅडम थांबल्या होत्या. त्यांनी काकूंना समोर बसवलं आणि सांगितलं की काकांकडून पहिल्यांदा एक नको यायला हवं. ते आलं की त्यांचं हो खरं की नुसतीच मान, हे आपल्याला कळेल. "पण काकू, तुम्ही सगळं आधीच देऊन टाकता. त्यांना तोंड उघडायची गरजच पडत नाही. आता विचारायचं आणि थांबायचं. काही न बोलता थांबायचं."

"विचारायचं?" काकू म्हणाल्या. "घरच्या माणसाला? चहा घेता का म्हणून?"

"हो."

"आणि मग?"

"मग वाट बघायची."

काकूंना वाट बघणं ठाऊकच नव्हतं. त्यांचा आग्रह हातांत होता, ते हात आता त्यांना मांडीखाली दाबून बसावं लागायचं. मी हे उगाच म्हणत नाही, खरोखर दाबून बसायच्या. चहाचा कप समोर ठेवायचा, विचारायचं, "चहा घेता का?" आणि काका मान डोलवत तरी कप पुढे करायचा नाही, शब्दाची वाट बघायची. कपावर साय धरायची. रस्त्यावरून एखादा भाजीवाला ओरडत जायचा. मी शाळेतून दुपारी लवकर सुटायचे आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर वह्या घेऊन बसायचे. त्या दुपारी मला एकमेकींपासून वेगळ्या आठवत नाहीत. सगळी मिळून एकच लांब दुपार होती असं वाटतं, तीत उन्हाचा पट्टा भिंतीवर चढतोय, काका काकूंकडे बघतायत, काकू काकांच्या ओठांकडे बघतायत, आणि कुणी काही बोलत नाही.

कधी कधी काकूच हरवून जायच्या. "मी काय विचारलं होतं गं?" त्या हळूच मला विचारायच्या.

"चहा घेता का."

"हां. चहा घेता का?"

आणि पुन्हा थांबायच्या.

घरात विचारायची इतकी सवय लागली की एक दिवस समोरच्या वहिनी आल्या तेव्हा काकूंच्या तोंडून निघून गेलं, "चहा घेणार का?" वहिनींचा चेहरा पडला. पाचच मिनिटं बसून त्या उठल्या. संध्याकाळी मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, "आमचं काही चुकलं का? काकूंनी मला चहा घेणार का म्हणून विचारलं!" मी सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्यांना इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन त्या स्वतःहून दोन कप चहा मागून प्यायल्या.

नको यावं म्हणून काकूंनी काय काय केलं ते सांगितलं तर हसाल. बिनमिठाची डाळ दिली. काकांना गोड चहा आवडत नसे, त्यांच्या कपात मुद्दाम भरपूर साखर घातली. एकदा कारल्याचा रस कपात घालून समोर ठेवला आणि विचारलं, "घेता का?" काकांनी मान डोलवली आणि या वेळी कप स्वतःच उचलून तोंडाला लावला. काकूंनी तो अर्ध्यात हिसकावून घेतला. "अगं, पिऊन टाकतील हे!" असं ओरडल्या आणि काकांचं तोंड पदराने पुसू लागल्या. काका डोळ्यांनी हसत होते. मला मात्र ते बघवलं नाही, मी वर निघून गेले.

उन्हाळा लागेपर्यंत असंच चाललं. येणारे जाणारे काकूंना समजवायला लागले. जेवढं परत मिळालं तेवढं गोड मानून घ्या, किती दिवस मागे लागणार, आता सोडा. वहिनीही एकदा तसंच म्हणाल्या.

"सोडते ना," काकू म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलं? पण त्यांनी नको म्हणायला पाहिजे का नाही? म्हटल्याबिगर कशी सोडू?"

काकूंचं म्हणणं त्यांच्या जन्मभराच्या रीतीला धरूनच होतं.

मग आखाजी आली. आमच्या नगरकडे अक्षय तृतीया म्हणजे एक गोडाचं जेवण. तिकडे मात्र तो बायकांचा सण, भाऊ बहिणीला न्यायला येतो आणि ती माहेरी जाते. काकूंचं माहेर जवळचंच फोपनार गाव. साठी उलटली तरी दर आखाजीला त्यांचा धाकटा भाऊ पिकअप घेऊन दारात हजर व्हायचा. येताना केळीचे घड आणायचा आणि जाताना बहिणीला शेजारी बसवून न्यायचा. तिची रवानगी करताना काकांना कोण आनंद व्हायचा. "जा, जा, दोन दिवस मला हलकं जेवू दे," म्हणायचे.

त्या वर्षीही हा भाऊ, साऱ्या गल्लीचे मामा, आले. केळी ओट्यावर उतरवली, काकांच्या पाया पडले, आणि बहिणीच्या मागे लागले.

"चाल वं ताई. तुही भावजय वाट पाहून राहिली."

"यंदा नाही रे. पुढच्या साली."

"ऐसं कसं? आमराईखाली झोके बांधले. दोन दिस चाल."

"यांना सोडून कशी येऊ?"

"दाजींलेबी घेऊन चालू. नाहीतं मी इथं थांबतो, तू जाय."

आग्रह हा त्या माहेरचाच गुण असावा. काकू जिथे म्हणून अडायच्या तिथे मामा पुढे येऊन उभे राहायचे. उभ्या जन्मात दुसऱ्याला न सोडलेल्या काकूंना आता कुणी सोडत नव्हतं, आणि त्यांची फार ओढाताण होत होती. माहेर त्यांनाही हवं होतं, ते दिसत होतं. महिनोन् महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. शेवटी सगळ्या बायका म्हणतात तसं त्या म्हणाल्या, "थांब, यांना विचारते." बायकांच्या बोलण्यात तो सभ्य नकार असतो. पण मामा हसले.

"इचार की. दाजी तं हो म्हनतीन."

ते थट्टेने म्हणाले, पण काकूंना लागलं. मलाही लागलं. काका आरामखुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते. काकू त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. हात मांडीखाली घेतले.

"फोपनारला जाऊ का मी?"

मामा काहीतरी बोलायला गेले. काकूंनी मागे न बघता बोट वर केलं. काकांची मान डोलली नाही. आधी ते माझ्या लक्षात आलं नाही, मी सवयीने डोलली असंच धरून बसले होते. काकांचे ओठ हलत होते. कपाळावर शीर उठली होती. बाहेर पिकअपमध्ये मोबाइलवर गाणं चालू राहिलं होतं ते ऐकू येत होतं.

"न," काका म्हणाले.



"न... को."

काकू गुडघ्यांवर पुढे सरकल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दोनच दिवस. परवा येते ना."

"नको."

"बरं, एकच दिवस."

"नको!" या वेळी काका चिडले होते. त्यांनी डाव्या हाताने काकूंचा पदर धरला होता.

"अर्धा दिवस तरी? थोडासाच?" काकू हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "संध्याकाळच्या आत परत."

"नको, नको, नको."

मामांनी टोपी काढून तिनेच डोळे पुसले. "बरं दाजी," ते म्हणाले, "नाही नेत. ठेवा तुमची बाई."

काकूंनी पदर हळूच सोडवून घेतला आणि उठल्या. मला वाटलं, देवापुढे दिवा लावायला आत जातील. त्या चपला न घालताच रस्त्यावर गेल्या. वैशाखातलं ऊन, रस्ता तापलेला, आणि काकू समोरच्या वहिनींचं दार दोन्ही हातांनी वाजवत होत्या. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, घाबरलेल्या.

"काय झालं काकू?"

"काय सांगू बाई," काकू साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ न्यायला येऊन बसला आहे आणि हे नको म्हणून राहिले!"

वहिनींनी एकदम तोंडावर हात ठेवला. तोवर काकू पुढच्या दाराशी पोचल्या होत्या.

"ऐकलं का? मला माहेरी जाऊ देत नाहीत! किती विनवलं, ऐकतच नाहीत!"